पंख्याची कुरकूर

लॅपटॉपचा पंखा वाजू लागला, की मी आधी कान देतो. एकसारखी घरघर असेल, तर पंखा बहुधा शाबूत असतो. उष्णता आत कोंडलेली असते. लॅपटॉप गादीवरून टेबलावर घ्या. प्रोसेसरला कोणता प्रोग्रॅम राबवतो आहे, ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. तरी घरघर थांबेना, तर जाळीतली धूळ काढून घ्या. हवेचा झोत मारताना पाती धरून ठेवायला सांगा. ती भरधाव फिरली तर बेअरिंग बिघडू शकते.

खरखर किंवा टकटक येत असेल, तर मात्र बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. असा पंखा वेळीच बदललेला बरा. तो थांबला, तर अनेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास वेग कमी करतात. तरीही उष्णता वाढली, तर लॅपटॉप एकाएकी बंद पडतो आणि सेव्ह न केलेले काम जाते.