वसुली, आठ ते सात

सकाळी 7.20. भोसरीतली चहाची टपरी. वसुली एजंटच्या बाइकच्या टाकीवर सॅक, तिच्यात पावत्यांचा छोटा प्रिंटर, आयकार्ड, बँकेचं पत्र. आजची यादी एकवीस नावांची, सगळी दुचाकीच्या कर्जाची. फोन हातात आहे, पण लावत नाही. थकबाकीसाठी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2022 चं परिपत्रक आहे. पण फर्स्ट शिफ्टचा माणूस सहालाच कंपनीत गेलेला असतो.

8.00. "दादा, हप्ता बाउन्स झालाय." पलीकडचा नाइट करून नुकताच आडवा झालाय. शिव्या. "बरं, चारनंतर येतो."

10.15. मोशी. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दारातल्या बाई आधी आयकार्ड मागतात, मग बँकेचं पत्र, मग ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. बारावी झालेल्याला त्यासाठी शंभर तास बसावं लागतं, वर परीक्षा. बाई तिन्हीचे फोटो काढतात. "हप्ता भरलाय. बँकेत तक्रारही दिलीय. आणि माझ्या दिराला फोन कोणी केला?"

"ऑफिसातून गेला असेल, ताई." मान खाली. कर्ज बाईंचं, दिराचा काय संबंध? तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेनं हे नाव एजन्सीकडे पाठवायलाच नको होतं. तो यादीत शेरा मारतो. जिन्यात वळून सांगतो, "तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाका. फी नसते." फेरी फुकट गेली.

1.30. दोन वडापाव, चाळीस रुपये. सकाळी दोनशेचं पेट्रोल टाकलंय. पगार चौदा हजार, पेट्रोलचे दोन हजार वेगळे. कमिशन टार्गेट झालं तरच.

4.00. चाकण. कंपनीच्या बसमधून माणसं उतरतात. खरं काम आता, हातात तीन तास. सकाळचा नाइटवाला चौकातच भेटतो, झोपून उठलेला. "साहेब, पगार दहाला होतो, हप्ता पाचला कापतात." म्हणजे दर महिन्याला बाउन्स, दर वेळी पाचशेच्या वर दंड. "मग शाखेत अर्ज द्या ना, तारीख बदलून घ्या." हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. 3,150 पैकी दोन हजार मिळतात. प्रिंटर घरघरतो. "पावतीचा फोटो काढून ठेवा, शाई उडते हिची."

6.50. टीम लीडरचा फोन. "ते भोसरीचं गिऱ्हाईक साडेसातला घरी येतं. जाऊन ये."

"सर, सातनंतर नाही जमत."

"फोन नको करूस. नुसती चक्कर मार."

तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ते नाव उद्याच्या यादीत वर घेतो.

7.30. ऑफिस. रोकड मोजून जमा. कॅशियर पाचशेची एक फाटकी नोट बाजूला काढतो. ती भर त्याला स्वतःच्या खिशातून घालावी लागते.