ग्राम कचहरी : दंडाचा अधिकार आहे, कैदेचा नाही

महाराष्ट्रात सरपंच हा ग्रामपंचायतीचा प्रमुख असतो. बिहारमध्ये मात्र पंचायतीचा कारभार मुखिया पाहतो आणि सरपंच हा गावच्या न्यायालयाचा, म्हणजेच ग्राम कचहरीचा प्रमुख असतो. कार्यपालिका व न्यायव्यवस्था वेगळ्या ठेवाव्यात, हे राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदातील तत्त्व येथे गावपातळीवर उतरलेले दिसते. या न्यायालयाला फौजदारी अधिकार आहेत. परंतु ते मर्यादित आहेत आणि ती मर्यादा समजून घेणे पक्षकारांच्या हिताचे आहे.

कचहरीची रचना

बिहार पंचायत राज अधिनियम, २००६ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायत क्षेत्रासाठी ग्राम कचहरीची तरतूद करण्यात आली आहे. सरपंच व पंच थेट मतदानाने पाच वर्षांसाठी निवडले जातात. साधारणतः ५०० लोकसंख्येमागे एक पंच असतो आणि जवळपास निम्मी पदे महिलांसाठी राखीव आहेत. निवडून येणाऱ्यास कायद्याचे शिक्षण आवश्यक नाही. त्यामुळे साहाय्यासाठी कायद्याचा पदवीधर असलेला 'न्यायमित्र' आणि नोंदी ठेवण्यासाठी सचिव नेमण्याची व्यवस्था आहे. प्रकरण ऐकणाऱ्या पीठात पक्षकारांनी आपल्या पसंतीने सुचविलेल्या पंचांचाही समावेश असतो.

कोणते गुन्हे?

अधिनियमात भारतीय दंड संहितेच्या कलमांची यादी देऊन कचहरीचे फौजदारी क्षेत्र ठरविण्यात आले. सार्वजनिक ठिकाणी मारामारी, रस्त्यात अडथळा, पाणवठा दूषित करणे, एखाद्याची वाट अडविणे, मालमत्तेचे नुकसान, शेतात वा घरात बेकायदा प्रवेश, अपमान आणि धमकी अशा गुन्ह्यांचा त्यात समावेश आहे. गावात वारंवार घडणारे तंटे बहुधा याच स्वरूपाचे असतात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून, तिच्यात या गुन्ह्यांचे कलम क्रमांक बदलले आहेत.

यांपैकी अनेक गुन्ह्यांसाठी नियमित न्यायालय कैदेची शिक्षा देऊ शकते. ग्राम कचहरीला मात्र साधी वा सक्त, कोणतीही कैद सुनावता येत नाही. ती कमाल १,००० रुपये दंड करू शकते. व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार केवळ प्रशिक्षित न्यायाधीशाकडेच राहावा, हा विचार त्यामागे आहे.

तडजोड आणि दबाव

निवाड्यापूर्वी दोन्ही पक्षांत सलोख्याने समझोता घडविण्याचा प्रयत्न करणे हे कचहरीचे पहिले कर्तव्य मानले आहे. तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यातून वाचते. मात्र गावात जमीन, जात आणि मतांचे हितसंबंध गुंतलेले असतात. दुर्बल पक्षाची संमती खरी की दबावाखालची, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच अपिलाचा मार्ग ठेवण्यात आला आहे. निर्णयाविरुद्ध ३० दिवसांच्या आत कचहरीच्या पूर्ण पीठाकडे आणि त्यानंतर नियमित न्यायालयाकडे दाद मागता येते.

खून, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे तसेच अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराची प्रकरणे कचहरीच्या कक्षेत येत नाहीत. असे प्रकरण गावात 'मिटविण्याचा' अधिकार कोणत्याही पंचांना नाही. कायद्याने स्थापन झालेली कचहरी आणि जातपंचायत यांत हाच मूलभूत फरक आहे. जातपंचायतीच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

ग्राम न्यायालय वेगळे

संसदेने संमत केलेला ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ हा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. त्यातील न्यायालय वेगळ्या स्वरूपाचे आहे. तेथे निवडून आलेले पंच नसून, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पात्रता असलेला न्यायाधिकारी काम पाहतो. कमाल दोन वर्षांपर्यंत कैद असलेले गुन्हे, तसेच २०,००० रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी त्याच्या कक्षेत येते आणि तो कैदेची शिक्षाही देऊ शकतो.

लोकांच्या जवळचा न्याय आणि कायद्याचा जाणकार न्यायाधीश या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. ग्राम कचहरीत पहिलीवर भर आहे, ग्राम न्यायालयात दुसरीवर. कचहरीत जाणाऱ्याने निर्णयाची लेखी प्रत मागून घेणे आणि अपिलाची मुदत लक्षात ठेवणे हिताचे ठरते.