स्टेडियम आपल्या गावात, पण दार बंद!

कोरोनाकाळातल्या चाहत्यांचा विषय निघाला की सगळे लिव्हरपूलचं नाव घेतात. ३० वर्षांनी लीग जिंकली आणि घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड रिकामं! पण आपल्या एफसी गोवाच्या चाहत्यांचं काय झालं, हेही माहीत असायला हवं.

फेब्रुवारी २०२० मध्ये एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीत अव्वल ठरला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब झाला. महिन्याभरात सगळं ठप्प. पुढचा अख्खा आयएसएल हंगाम गोव्यातच झाला: मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्को. सगळे संघ बायो-बबलमध्ये, प्रेक्षकांना मात्र प्रवेश नाही. मडगावकरांनी स्वतःच्या गावातली मॅच टीव्हीवर बघितली. बॉलला लाथ बसल्याचा आवाज, गोलकीपरची ओरड, सगळं स्पष्ट ऐकू यायचं, इतकी शांतता!

एप्रिल २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीसाठी आशियातले दिग्गज फातोर्ड्याला आले. त्यांतल्या अल रय्यान क्लबचे कोच होते लॉरें ब्लां, फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातला खेळाडू! ती मॅच ०-० सुटली. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एडू बेदियाने हेडरवर गोल मारला, गटफेरीतला भारतीय क्लबचा पहिलाच. आपला गोलकीपर धीरज सिंगने पेनल्टी अडवली. आपण १-२ हरलो, पण काय झुंजलो! आणि हे सगळं रिकाम्या खुर्च्यांसमोर.

त्या मॅचेसचे हायलाइट्स जरूर बघा. आणि आता दारं उघडी आहेत, तर तिकीट काढून फातोर्ड्याला जा!