समुद्रावरचा पहारा आता आकाशातून

परप्रांतीय ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत येतात, मासळी खरवडून नेतात आणि गस्तीनौका पोहोचेपर्यंत पसार होतात, ही कोकणातील पारंपरिक मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार. तक्रारीत तथ्य असले तरी पुरावा हाती लागत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने 9 जानेवारी 2025 पासून ड्रोनची टेहळणी सुरू केली. शिरगाव, उत्तन, गोराई, ससून गोदी, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि देवगड ही नऊ ठिकाणे त्यासाठी निवडण्यात आली.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याकडे असते. रात्री झगझगीत एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, कारण या प्रकाशाकडे लहान पिल्लेही ओढली जातात. गंमत अशी, की मासळीला फसवणारा हाच प्रकाश आकाशातील कॅमेऱ्याला नौकेचा पत्ता देतो. मात्र नुसती नौका दिसून भागत नाही. तिचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे आणि त्या क्षणी ती नेमकी कोठे होती, याची नोंद चित्रणासोबत झाली पाहिजे. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली व निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले. तेथील सुनावणीत टिकेल, असेच चित्रण उपयोगाचे.

खरी कसोटी मालवणला आहे. 1987 मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य 29.12 चौरस किलोमीटरचे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ त्यातच येतात. नऊ ठिकाणांपैकी सर्वांत जवळचे देवगड तेथून सुमारे 35 किलोमीटर उत्तरेस आहे. शिवाय अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली वन खात्याकडे, तर ड्रोन मत्स्यव्यवसाय विभागाचे! आपल्याच जाळ्यांवर बंधने येतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. मलपीच्या वेगवान ट्रॉलरवर कारवाई हवी, अशी मागणीही तेच करीत आले आहेत. कॅमेरा रापणकरावर रोखला जातो की ट्रॉलरवर, यावर त्यांचे सहकार्य अवलंबून राहील.

ड्रोन नौका अडवू शकत नाही. जोराचा वारा आणि बॅटरी यांच्या मर्यादा त्यालाही आहेत. क्रमांक झाकून आलेल्या ट्रॉलरला गाठण्यासाठी शेवटी गस्तीनौकाच लागते, आणि पडद्यावर दृश्य दिसल्यानंतर ती बंदरातून किती वेळात सुटते, हे मच्छीमार आता घड्याळ लावून पाहणार आहेत.