गाजराच्या पेशी आणि एकदाच वापरायचे पात्र

औषधनिर्मितीत द्रव्याइतकेच पात्रालाही महत्त्व असते, हे आसवारिष्टे सिद्ध करणाऱ्या वैद्यास वेगळे सांगावयास नको. संधानपात्राचे क्षालन व धूपन नीट झाले नाही, तर अरिष्टाऐवजी शुक्त हाती येते. आधुनिक जैवऔषधांच्या कारखान्यांपुढेही हाच प्रश्न उभा असतो. त्याचे एक उत्तर प्लास्टिकच्या पिशवीत सापडले, ते आपण समजून घेण्याजोगे आहे.

गोशे रोगात ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराची जन्मजात उणीव असते. त्यामुळे भक्षक पेशींत मेद साचतो, प्लीहा व यकृत वाढते, अस्थी दुबळ्या होतात. बाहेरून विकर देणे हा त्यावरील प्रमुख उपाय. जून २००९ मध्ये बोस्टनमधील ऑलस्टन येथील जेन्झाइमच्या कारखान्यात, हे विकर तयार करणाऱ्या प्राणिज पेशींना व्हेसिव्हायरस २११७ ची लागण झाल्याचे आढळले. शुद्धीकरणासाठी उत्पादन थांबवावे लागले आणि औषधाचा जगभर तुटवडा पडला. अनेक रुग्णांच्या मात्रा कमी कराव्या लागल्या.

इस्रायलमधील प्रोटॅलिक्स ही कंपनी तेच विकर गाजराच्या जनुकसंस्कारित पेशींत तयार करीत होती. पात्र म्हणजे प्लास्टिकची मोठी, निर्जंतुक पिशवी. तिच्यात पोषकद्रव भरून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. त्यांनीच प्राणवायू मिळतो व मिश्रणही ढवळले जाते. पेशी वाढल्या की बहुतांश काढून घेतात आणि उरलेल्या थोड्या पेशी विरजणाप्रमाणे पुढील आवर्तनास बीज म्हणून ठेवतात. प्राण्यांचे विषाणू वनस्पतिपेशींत वाढत नाहीत, हा आणखी एक लाभ. १ मे २०१२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या टॅलिग्लुसेरेज अल्फास मान्यता दिली. वनस्पतिपेशींत निर्मिलेले व मानवी वापरास तेथे मान्य झालेले हे पहिले प्रथिनौषध होय.

प्राणिज पेशींसाठीही अशा पिशव्या रूढ झाल्या आहेत. विजय सिंग यांनी १९९९ मध्ये झुलत्या मंचावर लाटा उठवून ढवळणाऱ्या पिशवीचे वर्णन प्रसिद्ध केले. पोलादी पात्र प्रत्येक वेळी धुऊन वाफेने निर्जंतुक करावे लागते व तसे झाल्याचे सिद्धही करावे लागते. पिशवी गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊनच येते आणि काम संपल्यावर टाकून देतात.

परंतु पात्र सर्वथा निरुपद्रवी असते असे नव्हे. पॉलिथिलीनमध्ये मिसळलेल्या एका प्रतिऑक्सिडकापासून तयार होणारे संयुग पिशवीतून द्रवात झिरपते आणि पेशींची वाढ रोखते, असे २०१३ मध्ये दाखविले गेले. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो व तो प्लास्टिकमधील काही घटक ओढून घेऊ शकतो. म्हणून स्वस्त पिंप घेण्यापूर्वी फार्मसीचालकांनी पुरवठादाराकडून त्या प्लास्टिकचा प्रकार व चाचणीचा दाखला लेखी मागावा.

चिकित्सकांसाठीही एक सूचना. गाजराच्या रसात हे विकर नसते. ते जनुकसंस्काराने त्या पेशींत निर्माण होते आणि शुद्ध करून शिरेवाटे द्यावे लागते. ‘गाजरापासूनच तर औषध होते’ असे म्हणून गोशेच्या रुग्णाचा विकरोपचार थांबविणे म्हणजे त्याच्या प्लीहेशी व अस्थींशी खेळणे होय.