भिंतींचे रंग आणि नागपूरचे ऊन

पावसाळा सरून आश्विनाची चाहूल लागली की नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत घरोघरी शिड्या उभ्या राहतात, कपाटे खोलीच्या मध्यभागी ओढली जातात, आणि कुटुंबातील झाडून सारी मंडळी शेड-कार्ड पुढ्यात घेऊन, बैठकीला पिवळा द्यावा की गुलाबी, या प्रश्नाचा अशा तावातावाने खल करू लागतात की जणू एखाद्या वतनाचा निवाडाच व्हावयाचा आहे. दिवाळीपूर्वी रंगरंगोटी उरकण्याचा हा परिपाठ सोयीचा खरा. परंतु त्यात एक मोठा दोष राहून जातो. रंगाची परीक्षा आपण शरदाच्या सौम्य प्रकाशात करतो, आणि त्याच्या सहवासात दिवस काढावयाचे असतात ते मात्र वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात.

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ नेमका डोक्यावर येतो, आणि आपण ज्याला नवतपा म्हणतो ते रोहिणी नक्षत्रातील नऊ दिवसही बहुधा २५ मेच्याच सुमारास सुरू होतात. पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी त्या दिवसांत कोणाला नवल वाटत नाही. अशा वेळी दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे ऊन फारसे लागतच नाही. होरपळतात त्या पूर्व-पश्चिमेच्या भिंती, आणि सर्वांत अधिक गच्ची. उलट पौषात सूर्य दक्षिणेकडे कलला म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. तेव्हा एकच रंग सर्व खोल्यांना सारखाच मानवेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. पश्चिमेच्या खोलीला दिलेला गडद नारिंगी दिवाळीत प्रसन्न दिसेल. पण मे महिन्यातील सायंकाळी त्यावर तिरपे ऊन पडले म्हणजे छत, पडदे आणि माणसांचे चेहरे सारेच तांबूस होऊन बसणाऱ्याचा जीव नकोसा होतो. संत्र्यांच्या शहरात राहतो म्हणून संत्र्याचा रंग भिंतीवर चढविलाच पाहिजे, असा काही सरकारी हुकूम नाही.

जुन्या पिढीने हा प्रश्न चुन्याने सोडविला होता. विरवलेला चुना गाळून त्यात थोडी नीळ घालावयाची आणि भिंती पोताव्यात, एवढाच तो खटाटोप. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो, ओला असताना निस्तेज दिसतो आणि वाळल्यावर उजळतो. नीळ त्यातील पिवळसर झाक मारते. त्या निळसर झाकेने खोलीचे तापमान उतरत नाही, हे कबूल. परंतु डोळ्यांना गारवा वाटतो, आणि भर दुपारी खिडक्या लावून कुलरसमोर पडलेल्या माणसाला तेवढा दिलासाही थोडा नसतो. आजचे इमल्शन पुष्कळदा याच्या उलट वागते. वाळल्यावर ते किंचित गडद होते. शिवाय चार भिंतींचा रंग परस्परांवर परावर्तित होत असल्यामुळे कार्डावरील बोटभर चौकोनात फिका भासलेला रंग खोलीत चांगलाच भडक ठरतो.

रंग आणि मनोवृत्ती यांचा संबंध आपल्याकडे फार प्राचीन काळापासून मानलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराला श्याम, हास्याला शुभ्र, करुणाला कपोत, रौद्राला रक्त आणि अद्भुताला पीत असे वर्ण नेमून दिलेले आहेत. मात्र ती व्यवस्था रंगभूमीची. प्रेक्षक रौद्ररस काही घटका अनुभवून घरी जातो, त्याला त्यात बिऱ्हाड थाटावयाचे नसते. आधुनिक दाव्यांचा इतिहासही सावध करणाराच आहे. १९७९ साली अमेरिकेतील सिएटल येथे आरमाराच्या तुरुंगातील एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिल्याने कैदी शांत झाले, अशी मोठी वार्ता पसरली. पुढील काटेकोर प्रयोगांत तो प्रभाव टिकला नाही. याउलट १९९४ साली वाल्डेझ आणि मेहराबियन या संशोधकांनी दाखविले की मनावरील परिणाम ठरविण्यात रंग निळा की तांबडा यापेक्षा तो किती उजळ आणि किती गडद, यालाच अधिक महत्त्व असते. माझेही मत याच बाजूचे आहे. निळा शांत, पिवळा आनंदी, असल्या जाहिरातवजा सूत्रांवर मी तरी फारशी भिस्त ठेवणार नाही.

जुन्या वाड्यातील अंधाऱ्या माजघराची तजवीज अर्थातच निराळी. तेथे शुभ्र रंग उजेडाअभावी करडा आणि उदास दिसतो. फिका पिवळा किंवा साईसारखा रंग अधिक आपुलकीचा वाटतो. तोच पिवळा पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मलूल होतो, आणि पिवळसर दिव्याखाली पुन्हा खुलतो, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच की, डबे खरेदी करण्यापूर्वी रंगाऱ्याकडून समोरासमोरच्या दोन भिंतींवर हातभर लांबी-रुंदीचे नमुने काढून घ्यावेत, ते सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावेत, आणि मगच मंजुरी द्यावी. घर पश्चिमाभिमुख असेल तर निवडलेल्या रंगापेक्षा एक पायरी फिकाच घ्यावा. आणि खर्चाला कात्री लावणे भागच पडले, तर ती बैठकीच्या किमती इमल्शनला लावावी, सर्वांत अधिक होरपळणाऱ्या गच्चीवर द्यावयाच्या पांढऱ्या चुन्याला लावू नये.