मोहाची धार आणि तिचे बळ

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशात चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहाची फुले वेचून, उन्हात वाळवून साठविली जातात. या वाळल्या फुलांत शर्करेचा अंश विपुल असल्याने ती पाण्यात काही दिवस भिजत ठेवली असता फेस धरतात व आंबतात. या आंबवणात मद्यार्क मर्यादितच असतो, कारण तो वाढत गेला की किण्वच निष्प्रभ होते. म्हणून पुढे भट्टी लावावी लागते. मद्यार्क ७८ अंशांना, तर पाणी १०० अंशांना उकळत असल्याने वाफेतून आरंभी मद्यार्क अधिक येतो. म्हणूनच 'पहिल्या धारेची' सर्वांत तेज, आणि उत्तरोत्तर उतरणारी धार सौम्य, शेवटी केवळ पाणचट. जाणता माणूस चार थेंब विस्तवावर शिंपडतो. भडका उठला तर माल तेज ठरतो.

याच मुलखात गोरगा व ताड यांचा रस मात्र भट्टीवाचूनच प्यायला जातो. सकाळी गोड असणारा तो सायंकाळी आंबट व मादक होतो, तरी त्याचे बळ साधारणतः बिअरइतकेच असते.

मद्याच्या बळाची प्रतवारी करताना स्कॉटलंडमधील जुन्या बिअरनिर्मात्यांनी पिपाच्या शिलिंगातील किमतीवरून प्रती ओळखल्या. मोहाच्या भट्टीत ती प्रतवारी धारेच्या क्रमावरून होते. मात्र टक्का मोजणारे साधन या भट्टीत नसल्याने प्रत्येक खेपेचे बळ निराळे. कायद्याच्या दृष्टीने गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी अंमलात आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.